चांगुणाबाईंची पळसपापडी

आमच्या घरात मेथीचे लाडू होत नाहीत. सुनेच्या बाळंतपणातही मी ते केले नाहीत. विहीणबाईंनी डबा भरून पाठवला, तो मी हसून घेतला आणि वरच्या फळीवर ठेवून दिला. सून सगळ्यांना सांगते, आईंना मेथीचा वास सोसत नाही. मीच तसं सांगून ठेवलं आहे. खोटं आहे ते. मला मेथी आवडायची. लहानपणी मोड आलेली मेथी मी वाटीभर नुसती खात असे, आणि आई ओरडायची.

मग आता का नाही? हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ह्यांना नाही, आईला नाही, देवापुढे बसूनसुद्धा नाही. तिथे बसले की मी भराभर स्तोत्र म्हणते आणि उठते, मध्ये रिकामी जागा म्हणून राहू देत नाही. तुम्हाला सांगायला बसले, कारण तुम्ही मला ओळखत नाही. सोपं जाईल असं वाटलं होतं. कसलं सोपं! आत्ताच दोनदा उठून दाराची कडी पाहून आले. घरात कुणी नाही, हे पक्कं ठाऊक असून. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय?

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. आम्ही डोंबिवलीत नवे होतो. दोन खोल्या, मागे विहीर, विहिरीपलीकडे भाताची खाचरं, त्यापलीकडे आगऱ्यांचा पाडा आणि पाड्यामागे खाडी. हे ऑफिसला गेले की दिवसभर घरात मी आणि वसंत. वसंत माझा पहिला. तिसऱ्या महिन्यातच माझं दूध आटलं. गाईचं दूध दिलं, तो ओकला. म्हशीचं पाणी घालून दिलं, जुलाब. डब्यातली पावडर आणली, तिचंही तेच. त्याच्या मांडीची कातडी चिमटीत धरली तर सोडल्यावरही तशीच उभी राहायची. तुम्ही असं मूल मांडीवर घेतलं आहे का कधी? मी रात्रंदिवस त्याचा श्वास मोजत असे. कल्याणच्या डॉक्टरांनी शेवटी सांगितलं, शेळीचं दूध देऊन बघा.

म्हणून चांगुणाबाई आमच्या घरी येऊ लागल्या.

पाड्यातल्या त्या. चाळिशीच्या असाव्यात. नवरा रेतीच्या होडीवर, एकुलती मुलगी टिटवाळ्याला दिलेली. त्यांच्या नऊ बकऱ्या होत्या, माहेराहून आणलेल्या दोन पाटींपासून, म्हणजे तरण्या बकऱ्यांपासून, वाढवलेल्या; म्हणजे पाड्याच्या हिशेबाने बकऱ्या चांगुणाबाईंच्या, नवऱ्याच्या नव्हेत. मी त्यांना अहो-जाहो करत असे आणि त्या मला सरळ अगं-तूगं करत. मला ते आवडायचं. त्यातल्या कवडी नावाच्या ठिपक्याठिपक्यांच्या बकरीचं दूध वसंतला मानवलं. पहिल्या दिवशी तो वाटीभर प्यायला आणि मी तासभर त्याच्याकडे बघत बसले — आता ओकेल, मग ओकेल. ओकला नाही. दहाव्या महिन्यात तो बाळसं धरायला लागला.

बाई रोज सकाळी यायच्या, दूध ओतायच्या, आणि जाताना एक गोष्ट हमखास करायच्या. वसंतची खालची पापणी अंगठ्याने हलकेच खाली ओढायच्या, आत बघायच्या आणि म्हणायच्या, "लाल हाय. बेस हाय." बकऱ्यांचंही त्या असंच बघत. पापणीच्या आत लाल असेल तर जनावर ठीक. फिकट झालं की लक्ष ठेवायचं. पांढरं पडलं की पोटात जंत आहेत. "आतले किरे रगत पितान," असं त्या म्हणत. पाऊस सरता सरता ओल्या चाऱ्यावर बकऱ्यांना हे व्हायचंच. आधी पापणी पांढरी, मग गळ्याखाली पाणी उतरून पिशवी लोंबायची, मग जनावर मान टाकून बसायचं.

आणि त्यावर औषध होतं ते चांगुणाबाईंकडे. आजूबाजूच्या पाड्यांतले लोक बकऱ्या घेऊन त्यांच्या अंगणात येत. सासूकडून त्यांच्याकडे आलेलं औषध. त्याबदल्यात त्या काही घेत नसत — एक नारळसुद्धा नाही. पण दोन नियम होते, आणि ते मी तुम्हाला नीट सांगते, कारण सगळं त्यातच अडकलं आहे.

पहिला नियम — औषधाचं नाव बाहेर सांगायचं नाही. सांगितलं की गुण जातो. सासूने सुनेला सांगावं, आईने लेकीला, बस्स. दुसरा — आपल्या जनावराचं औषध आपण कुटायचं नाही. दुसऱ्यांच्या बकऱ्यांना बाई आपल्या हाताने कुटून देत, पण स्वतःच्या बकऱ्यांसाठी त्यांची सासू कुटायची. आपला हातगुण आपल्याच दावणीला लागत नाही म्हणे. हसू नका. माझ्या माहेरच्या आळीतले वैद्यही आपल्या बायकोची नाडी दुसऱ्या वैद्याला दाखवत.

त्या उन्हाळ्यात सासू वारली. आणि भाद्रपदात बाईंच्या स्वतःच्या बकऱ्यांच्या पापण्या पांढऱ्या पडायला लागल्या. मुलीला बोलावावं तर तिचे दिवस भरत आलेले. कुटणार कोण?

त्या माझ्या दाराशी आल्या. काखेत एक गाडगं, तोंडाला फडकं बांधलेलं. बराच वेळ इकडचं-तिकडचं बोलत राहिल्या, मग फडकं सोडलं. आत चपट्या, तपकिरी बिया होत्या. पळसाच्या. वैशाखात मलंगच्या डोंगराकडे जाऊन त्या शेंगा वेचून आणत. "पलसपापडी," त्या अगदी हळू म्हणाल्या, जणू भिंतीला ऐकू जाईल. मी दचकले. म्हटलं, अहो, मला कशाला नाव सांगितलंत? गुण जाईल ना! तर त्या हसल्या.

"तुझे पोराचे पोटान माझे बकरीचा दूध हाय. मंग तू काय परकी हायेस?"

हे वाक्य मी इतकी वर्षं सांभाळून ठेवलं आहे. कशाला, देव जाणे.

बिया पाण्यात भिजवायच्या, वरची साल काढायची, आतला गर वाळवून कुटायचा, तीन पुड्या करायच्या. तीन सकाळी, जनावर उपाशी असताना ताकातून पाजायचं, चौथ्या दिवशी एरंडेल. एवढंच. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, की दुधाचं काय? म्हणजे वसंतच्या? बाई म्हणाल्या, "जरा कडू लागल दोन दीस. पोराला काय नाय व्हत. आमची समदी पोरा त्याच दुधाव वाढली."

मी मान हलवली. हो म्हटलं. गाडगं ठेवून त्या गेल्या.

आता — आता मी तुम्हाला माझ्या धाकट्या भावाची गोष्ट सांगणार होते. त्याला लहानपणी जंतांवर पळसपापडी दिली होती आणि तो कसा गडाबडा लोळला होता, ओकून ओकून कसा निळा पडला होता. ती गोष्ट खरी आहे. पण ती सांगितली की तुम्ही म्हणाल, बिचारी, आईचं काळीज. म्हणून ती राहू द्या. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितं, हे खरं. पण मी नुसतं फुंकलं नाही, दुसऱ्याचं ताकच ओतून दिलं.

मला काय करता आलं असतं? हजारदा मोजलं आहे मी. बाईंना एवढंच म्हणायचं होतं, 'तेवढी कवडी वगळा.' आठ बकऱ्यांना औषध द्या, कवडीला वसंत जरा मोठा झाल्यावर द्या. तीन शब्द. त्या काय रागावल्या असत्या? नसत्या. पण त्यांना कळलं असतं की माझा त्यांच्या औषधावर विश्वास नाही. ज्या बाईने माझं मूल जगवलं, तिने नियम मोडून मला नाव सांगितलं, आणि मी तिला तोंडावर सांगायचं की मला तुमची भीती वाटते? मला ते जमेना. समोरच्याला वाईट वाटेल, म्हणून मी आयुष्यभर गोड बोलत आले आहे. लोक त्याला स्वभाव म्हणतात. त्याचं खरं नाव भित्रेपणा आहे, आणि तो माझ्यात भरपूर आहे.

मी बिया भिजवल्या. साल काढली. ती तेवढ्या प्रामाणिकपणे का काढली, कळत नाही — बहुधा कुणी डोकावलं तर दिसावं म्हणून. मग तो सगळा गर मी विहिरीमागच्या शेवग्याच्या बुंध्याशी खड्डा करून पुरला, आणि घरातली मेथी भाजून कुटली. बाळंतिणीला देतात तीच. पिवळट रंग, कडू चव. त्यात चिमूटभर बेसन घातलं, रंग जुळावा म्हणून. तीन पुड्या बांधल्या. पुड्या झकास झाल्या. कुणाला शंका येईल म्हणता? काही नाही.

चांगुणाबाईंनी पुडी नाकाशी नेली तेव्हा माझं काय झालं असेल, ते तुम्हीच ठरवा. भाजलेल्या मेथीचा वास लपतो का कधी? पण त्या म्हणाल्या, "तुझे घरान मेथीचा वास भारी गो." आणि पुड्या ओच्यात खोचून गेल्या. त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही.

तीन दिवस त्यांनी बांबूच्या पेराने ती पूड ताकातून सगळ्या बकऱ्यांना पाजली. आणि पुढचं ऐका — बकऱ्यांचं दूध वाढलं! मेथीच ती. बाईंना वाटलं, औषध लागू पडलं. त्या हरखून मला सांगत होत्या, आणि मी म्हणत होते, वा, वा. दूध अजिबात कडू लागलं नाही, याचंही त्यांना नवल वाटलं. म्हणाल्या, तुझा हात गोड आहे. वसंत भरपूर प्यायला. मला सुटल्यासारखं वाटलं, ते लपवत नाही. दोन दिवस मला खरोखर वाटत होतं, की झालं, निभावलं.

दहाव्या दिवशी बाई आल्या त्या घाईघाईने. म्हणाल्या, पापण्या अजून पांढऱ्याच आहेत, गळ्याखाली पाणीही उतरलंय. मी म्हटलं, थोडे दिवस बघा. काय बोलणार होते? त्या आठवड्यात मी पाड्याकडे बघणंच टाळलं. विहिरीवर पाणी ओढतानासुद्धा पाठ करून उभी राहायची. वाऱ्यावर बकरीचं ओरडणं आलं की मी मनात मोजायला लागायची — कितीजणी ओरडल्या? कालच्याइतक्याच?

आणि मग पहिली मेली. दोन दिवसांनी आणखी एक.

इथवर जे सांगितलं, ते वाईट आहे. पण ते माझ्या मनातलं मोठं वाईट नाही. इथवरचं मी कधीतरी, कुणालातरी सांगू शकले असते — मुलाच्या भीतीने वेडी झाले होते, म्हणून. लोकांनी 'च्‌ च्‌' केलं असतं. मी इतका वेळ मेथीबद्दल बोलत बसले, ते याच्यासाठीच. पुढचं यायला नको म्हणून.

दुसरी बकरी मेली त्या दुपारी चांगुणाबाई आल्या आणि उंबऱ्यापाशी बसल्या. काखेत तेच गाडगं. त्यात अजून अर्ध्याहून जास्त बिया होत्या. सात बकऱ्या अजून उभ्या होत्या. बाई रडत नव्हत्या. त्या विचार करत होत्या, आणि तो विचार त्यांनी माझ्यापुढे एकेक करून मांडला. शेजारच्या पाड्यातल्या पाटलिणीच्या दोन बकऱ्या याच भाद्रपदात आजारी पडल्या होत्या. त्यांना याच गाडग्यातलं औषध दिलं होतं, माझ्याकडे यायच्या आठ दिवस आधी. त्या ठणठणीत बऱ्या झाल्या, कालच माळावर चरताना दिसल्या. बिया त्याच. ताक तेच. कुटणारा हात दुसरा, नियमाप्रमाणे. मग मधल्या आठ दिवसांत बदललं काय?

किती सरळ विचार करत होत्या त्या! शिकलेलं माणूस याहून वेगळं काय करतं? एकेक गोष्ट बाजूला ठेवत ठेवत त्या माझ्यापर्यंत आल्या. माझ्या अगदी पायाशी आल्या. मी भिंतीला टेकून उभी होते आणि मला वाटलं, आता त्या मान वर करतील आणि विचारतील, तू काय कुटलंस?

त्यांनी मान वर केली. म्हणाल्या, "मीच तुला नाव सांगतला. म्हनून गुन जेला. तसाच ना गो, वयनी?"

त्यांनी विचारलं होतं. ऐकलंत ना तुम्ही? नुसतं म्हटलं नव्हतं, विचारलं होतं. मी शिकलेली, शहाण्या घरातली. मी 'नाही' म्हणाले असते तर त्यांनी ऐकलं असतं. खरं सांगायचीही गरज नव्हती. एवढंच म्हणायचं होतं, की नाही हो, नाव सांगून कधी गुण जातो का, आणा ते गाडगं, पुन्हा कुटून देते. आणि या वेळी खरं कुटायचं होतं. बिया समोर होत्या. सात जनावरं उभी होती. वसंतचं दूध? त्या क्षणी, खरं सांगते, वसंत माझ्या मनातही नव्हता. माझ्या मनात एवढंच होतं की या वेळी औषध लागू पडलं, तर मागच्या वेळी का पडलं नाही, हे त्यांना कळेल.

मी म्हणाले, "असेल."

एवढाच शब्द. गाडगं उचलून त्या उठल्या. खाडीवर गेल्या आणि बिया पाण्यात सोडून आल्या. गुण गेलेलं औषध घरात ठेवू नये म्हणून. हे त्यांनीच मला दुसऱ्या दिवशी दूध ओतताना सांगितलं.

दिवाळीपर्यंत आणखी सहा बकऱ्या गेल्या. राहिली ती एकटी कवडी. ती आमच्या मागच्या दाराशी येऊन पेज, भाकरीचे तुकडे खायची, अंगात ताकद असेल, म्हणून तगली. असं मीच ठरवलंय. खरं कोण जाणे. मी स्वतःला हेही सांगून पाहिलं, की खऱ्या औषधानेही त्या वाचल्या असत्याच असं नाही. पण मग पाटलिणीच्या दोन बकऱ्या समोर येतात. त्या पुढे कितीतरी वर्षं माळावर चरत होत्या. मी त्यांना लांबून ओळखायची.

बाई रेतीच्या पाट्या उचलायला जाऊ लागल्या. आणि औषध त्यांनी बंद केलं. कुणालाच देईनात. पुढच्या भाद्रपदात लोक बकऱ्या घेऊन अंगणात आले, तर दारात उभ्या राहून त्या सांगत, माझ्याकडे राहिलं नाही. का, ते कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर माझं नाव घ्यावं लागलं असतं, आणि मग लोक मला बोलले असते. मला! त्या मला सांभाळत होत्या. त्या वर्षी पाड्यात आणखी किती जनावरं गेली, ते मी विचारलं नाही. मुलीलाही त्यांनी ते औषध सांगितलं नाही, सांगण्यासारखं आता काही उरलं नाही म्हणून. म्हणजे ते नाव आता माझ्याजवळच राहिलं.

आणि दूध? दूध येतच राहिलं. कवडीचं सगळं. त्यांच्या घरात चहाला दूध नसायचं, पण वसंतची वाटी भरलेली असायची. तो तीन वर्षांचा झाला, चार वर्षांचा झाला, त्याला आता कुठलंही दूध चाललं असतं, मी तसं म्हणालेही. तर त्या म्हणाल्या, पोराची सवय कशाला मोडतेस.

कवडी म्हातारी होऊन आटली, तेव्हा त्या शेवटची वाटी घेऊन आल्या. वसंतचं शाळेत नाव घातलं होतं. नवी चड्डी घालून तो दारात उभा. रेतीने त्यांचे हात खरबरीत झाले होते. अंगठा पदराला पुसून त्यांनी त्याची पापणी खाली ओढली, आत पाहिलं, आणि माझ्याकडे बघून हसल्या. "लाल हाय गो," म्हणाल्या. "बेस हाय तुझा पोर."

मी वाटी विसळून त्यांच्या हातात परत दिली.

त्या जाऊन आता खूप वर्षं झाली. पाड्याच्या जागी इमारती आहेत, शेवगा केव्हाच तोडला. मी त्यांना सांगितलं नाही. सवड मिळाली नाही असं म्हणायची सोय नाही मला. ती चार वर्षं त्या रोज सकाळी माझ्या दाराशी येत होत्या.